अप्पांचा नंबर साडेनऊचा

मृणालिनी सबनीस ज्या शाळेत पर्यवेक्षिका होती, तिथे तिच्या वेळापत्रकाला हात लावायची कुणाची टाप नव्हती. बावीस शिक्षक, सतरा वर्ग आणि एकुलती एक प्रयोगशाळा, पण बाईंच्या कागदावर दोन तास कधी एकमेकांवर आदळले नाहीत. तीन मुख्याध्यापक आले आणि गेले, वेळापत्रक मृणालिनीबाईंचंच राहिलं. त्यामुळे घरात सकाळच्या वेळी संडासावरून कटकटी सुरू झाल्या, तेव्हा तिने जे तिला येत होतं तेच केलं.

घर मुलुंड पूर्वेला, जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि संडास एक. नळाला पाणी साडेपाच ते सव्वासात. माणसं चार: ती, नवरा नंदकिशोर, कॉलेजात जाणारी मुलगी गंधाली आणि एक्याऐंशी वर्षांचे सासरे श्यामसुंदर, म्हणजे अप्पा. दोन वर्षांपूर्वी नंदकिशोरचं ऑफिस महापेला हललं आणि कंपनीची बस सव्वासहाला नाक्यावर येऊ लागली. गंधालीचं कॉलेज सातचं, हिची शाळाही सकाळची. रोज संडासाच्या दारावर थापा, "अजून किती वेळ?" आणि रागारागात निघून जाणं. एका रविवारी मृणालिनी कागद घेऊन बसली आणि पंधरा मिनिटांत तिने तोडगा काढला. नंदकिशोर साडेपाच, ती स्वतः पावणेसहा, गंधाली सहा. अप्पांना कुठे जायचं नव्हतं. कामवाली संडास-मोरी धुऊन गेली की अप्पा, साडेनऊ.

"चालेल ना, अप्पा?"

"न चालायला काय झालं? मला कुठे बस पकडायचीय?"

अप्पा भांडुपच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. तिच्या हातातला कागद बघून त्यांना राहवलं नाही. "अगं, रेघा वाकड्या आल्यात," म्हणत त्यांनी स्वतःचं पेन काढलं आणि सगळा तक्ता नव्याने आखला. अक्षर कसं, छापल्यासारखं. शेवटच्या चौकटीत त्यांनी आपलं नाव लिहिलं आणि कागद स्वतःच संडासाच्या दाराला आतून चिकटवला. घरातली कटकट मिटली. मृणालिनीने हा किस्सा स्टाफरूममध्ये तीनदा सांगितला आणि तिन्ही वेळा हशा मिळवला.

अप्पांचं पोट मात्र गेली पन्नास वर्षं साडेपाचला हलत आलं होतं. त्या आतड्याला तक्ता वाचता येत नव्हता, ही गोष्ट बाईंच्या ध्यानातच आली नाही. आठवीला पचनसंस्था शिकवायला त्या स्वतःच असत, हे आणखी वर.

दीड वर्ष काही कळलं नाही. मग गेल्या दिवाळीनंतर अप्पांच्या लेंग्यावर डाग दिसू लागले. आधी क्वचित, मग आठवड्यातून दोनदा, मग रोज. पातळ, वास मारणारे. मृणालिनीने ठरवून टाकलं की जुलाब आहेत. साबुदाण्याची पेज, दहीभात, केळी सुरू केली, भाज्या आणि भाकरी बंद. केमिस्टकडून जुलाब थांबवायच्या गोळ्या आणल्या आणि डाग दिसला की एक गोळी, असा नियम केला. डाग वाढले, तशा गोळ्या वाढल्या. अप्पांच्या गादीवर तिने प्लास्टिक घातलं. पुढे मोठ्या माणसांचे डायपर आले. पहिल्या दिवशी अप्पा ते पाकीट हातात घेऊन बराच वेळ त्यावरच्या सूचना वाचत बसले होते.

संक्रांतीला शाळेच्या मुख्याध्यापिका नलिनीबाई तिळगूळ घ्यायला घरी आल्या. अप्पा सोफ्यावर बसून त्यांच्याशी छान गप्पा मारत होते. त्या निघाल्या, अप्पा नमस्कार करायला उठले आणि डायपर असूनही सोफ्याच्या नव्या कव्हरवर मागे ओला पिवळट डाग राहिला. नलिनीबाईंनी बघून न बघितल्यासारखं केलं, त्यानेच मृणालिनीचं डोकं फिरलं. दार लागल्या लागल्या ती म्हणाली, "लाज कशी वाटत नाही हो? लहान मूल आहात का तुम्ही?"

"आई, यार, हळू!" गंधाली आतून ओरडली. अप्पांनी कव्हर काढलं, मोरीत नेलं आणि ते ब्रशने घासू लागले. त्या ब्रशचा आवाज मृणालिनी स्वयंपाकघरात अर्धा तास ऐकत होती. जाऊन त्यांच्या हातातून ब्रश घ्यावा, असं तिला एकदाही वाटलं नाही.

त्याच आठवड्यात तिने बदलापूरकडच्या एका वृद्धाश्रमाचा फॉर्म आणला. नंदकिशोर म्हणाला, "बघू." त्या घरात 'बघू' म्हणजे हो. फॉर्ममध्ये एक अट होती: पोटाच्या तक्रारीचं कारण काय, याचा डॉक्टरांचा दाखला हवा. नेहमीच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन पाच रस्त्याजवळच्या एका दवाखान्यात पाठवलं. तिथे डॉ. संघमित्रा पोटाची सोनोग्राफी करून आतड्यांचं काम कसं चाललंय ते बघत. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मृणालिनी पर्समध्ये फॉर्म घेऊन अप्पांबरोबर तिथे पोचली. एक सही, एक शिक्का, की सुटलो, असा तिचा हिशेब होता.

तपासणीआधी अप्पांना चार ग्लास पाणी पिऊन तासभर लघवी रोखायला सांगितलं. मूत्राशय भरलेलं असलं की त्याच्या मागचं नीट दिसतं म्हणे. नर्सने काळजीने विचारलं, "काका, कंट्रोल होईल ना?"

"होईल हो," अप्पा हसले. "मला सवय आहे."

कसली सवय, मृणालिनी मनात म्हणाली. घरी चार पावलं धरवत नाही आणि इथे ऐट.

डॉ. संघमित्रा पस्तिशीच्या असतील. मोकळ्या आवाजाच्या, झरझर बोलणाऱ्या. त्यांनी अप्पांना विचारलं, "सूनबाई आत थांबल्या तर चालेल? औषधपाणी त्यांनाच बघायचंय ना."

"तिला बाहेरच बसू दे," अप्पा पुटपुटले. मग लगेच म्हणाले, "बरं, थांबू दे. तिचाही खोळंबा नको."

अप्पांनी शर्ट वर केला, लेंगा खाली सरकवला आणि रुमाल उलगडून स्वतःच्या तोंडावर घेतला. उघडं पोट फुगलेलं होतं, छातीच्या फासळ्या मात्र मोजता येत होत्या. त्या फासळ्या मृणालिनीने पहिल्यांदाच पाहिल्या. दहीभात आणि पेज यांवर माणूस किती दिवस काढतो, याचा विचार तिने केला नव्हता.

डॉक्टरांनी ओटीपोटावर जेल लावून प्रोब टेकवला आणि स्क्रीन मृणालिनीकडे वळवली. "ही काळी जागा दिसतेय ना, ती लघवीची पिशवी. आता तिच्या मागे बघा. ही पांढरी वाकडी कड आणि तिच्याखाली सगळी सावली. मोकळं आतडं असं दिसत नाही. हा मळ आहे. साठलेला, कडक झालेला." त्यांनी दोन ठिपके ठेवून अंतर मोजलं. "सहा सेंटीमीटर. एरवी याच्या निम्म्यानेही नसतं."

"पण त्यांना तर जुलाब होतात," मृणालिनी म्हणाली.

"जुलाब नाहीत हो. बद्धकोष्ठ आहे, तेही जबरदस्त. दगडासारखा मळ वाट अडवून बसलाय. वरचं पातळ त्याच्या कडेकडेने झिरपतं. आतडं इतकं ताणलंय की झिरपलेलं यांना कळतही नाही. यांच्या हातात काही नव्हतंच." मग त्यांनी कागद चाळले. "जुलाब थांबवायच्या गोळ्या कुणी दिल्या?"

"मी," मृणालिनी म्हणाली.

"किती दिवस?"

"तीन महिने."

डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रुमालाखाली अप्पा स्तब्ध पडून होते.

लघवी करून आल्यावर दुसरी तपासणी झाली. अप्पांना कुशीवर वळवलं, मध्ये पडदा ओढला. डॉक्टरांनी बाहेरून, बैठकीच्या जागी प्रोब लावला. पडद्यापलीकडचं मृणालिनीला दिसत नव्हतं, पण स्क्रीन दिसत होती. राखाडी पट्ट्यांचं काहीतरी हलत होतं.

"काका, आता आवळून धरा. शाब्बास. आता सैल सोडा. संडासला बसल्यावर करता तसा जोर करा."

स्क्रीनवरचा एक जाडसर पट्टा आकसला.

"काका, सोडा म्हणतेय मी. आवळू नका."

"सोडतोच आहे हो," अप्पांचा आवाज आला.

"परत एकदा. सोडा."

पट्टा पुन्हा आकसला. तिसऱ्यांदाही तेच. डॉक्टर पडद्याबाहेर डोकावून मृणालिनीला म्हणाल्या, "बघितलंत? सोडायचं म्हटलं की हे आवळतात. प्रामाणिकपणे प्रयत्न करताहेत, पण स्नायू उलटं शिकलाय. वर्षानुवर्षं कळ दाबून ठेवणाऱ्यांत हे असं सापडतं. नाइट ड्युटीचे वॉचमन, ट्रॅफिकमध्ये अडकणारे ड्रायव्हर, शाळेतली मुलं. पण हे तर घरीच असतात ना?"

पडद्यामागे प्रोब पुसल्याचा, अप्पा लेंगा वर ओढत असल्याचा आवाज येत होता. डॉक्टरांनी पडदा सारला आणि अप्पांच्या समोर स्टूल ओढून बसल्या.

"काका, तुम्हाला कळ कधी यायची? पूर्वी, चांगलं होतं तेव्हा."

"साडेपाचला. घड्याळ लावून घ्यावं अशी."

"मग तेव्हा जात का नव्हता?"

अप्पांनी रुमालाची घडी घातली. पुन्हा उलगडून पुन्हा घातली. "आळस," ते म्हणाले. "थंडीत अंथरुणातून उठवत नाही हो या वयात."

"उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यातही आळसच."

डॉक्टर मृणालिनीकडे वळल्या. "साडेपाचला घरात संडास मोकळा असतो ना?"

खरं बोलायला एक शब्द पुरला असता. मृणालिनीच्या डोळ्यांसमोर तो तक्ता होता, अप्पांच्या हातचं अक्षर होतं, आणि स्टाफरूममधला हशाही होता. नर्स दारात उभी होती. ती आपल्या शाळेतल्या कुणाची आई तर नसेल ना, हाच विचार तिच्या मनात सगळ्यात आधी आला, आणि ती म्हणाली, "हो. असतो की."

"अगदी मोकळा," अप्पा तत्काळ म्हणाले. "माझ्यासाठी सगळे थांबतात उलट."

डॉक्टरांनी मान हलवली, औषधं लिहिली आणि दोघं बाहेर आली. पॅसेजमध्ये बाकावर बसून अप्पा चपला घालू लागले. त्यांना वाकता येत नव्हतं, म्हणून मृणालिनी खाली बसली आणि तिने चपलेचा पट्टा लावला. तिच्या डोक्यावरून अप्पांचा दबका आवाज आला.

"बरं केलंस. घरातलं घरात. माझ्यामुळे तुला चारचौघांत आणखी खाली बघायला नको."

मृणालिनी वर बघूच शकली नाही. दुसऱ्या चपलेचा पट्टा तिने दोनदा चुकीच्या बाजूला लावला. या माणसाला तिने लाज कशी वाटत नाही म्हणून विचारलं होतं. दोन वर्षं तो पोटात कळ दाबून अंथरुणात पडून राहिला, नळाचा आवाज ऐकत, एकेकाचं होण्याची वाट बघत. घर रिकामं होऊन साडेनऊ वाजेपर्यंत कळही निघून गेलेली असायची. आणि आता डॉक्टरसमोर तो स्वतःला आळशी म्हणवून घेत होता, ती मात्र सुटल्यासारखी उभी राहिली होती. तिला स्वतःची किळस आली. साधी, अंगावर काटा आणणारी किळस.

"बसा इथेच," ती म्हणाली. "आलेच."

आत दुसरी पेशंट येऊन बसली होती, पिशवी मांडीवर घेतलेली एक पोक्त बाई. नर्स म्हणाली, "मॅडम, एक मिनिट थांबा ना." मृणालिनी थांबली नाही. थांबली असती तर पुन्हा बाहेर पडली असती.

"डॉक्टर, मी खोटं बोलले. साडेपाचला संडास मोकळा नसतो. मी घरात नंबर लावून दिलेत. यांचा नंबर साडेनऊचा. दोन वर्षं. ते आळशी नाहीत. मला वाचवायला म्हणाले तसं."

पोक्त बाईने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. नर्सनेही. मृणालिनीने ते दोन्ही सोसलं.

डॉ. संघमित्रांनी पेन खाली ठेवलं. समजूत घालायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. "ठीक आहे. मग आता उपाय करता येईल. पावडर लिहिलीय, तिने तीन-चार दिवसांत पोट मोकळं होईल. पण स्नायूला सोडायला शिकवावं लागेल, त्याला महिने जातात. रोज पहाटे कोमट पाणी द्यायचं, साडेपाचला बसवायचं, पायाखाली पाट ठेवायचा. दारावर थाप नाही, हाका नाहीत. घाई झाली की ते आवळणार. दर महिन्याला इथे आणा, स्क्रीनवर दाखवून शिकवू." मग त्यांना आठवलं. "तुमचा कुठलातरी फॉर्म होता ना? दाखला हवा होता."

"तो नकोय आता," मृणालिनी म्हणाली.

बाहेर आल्यावर तिने अप्पांना सांगून टाकलं, "मी खरं काय ते सांगितलं त्यांना."

अप्पांनी तिचे आभार मानले नाहीत. त्यांचा चेहरा लाल झाला. लग्न होऊन ती या घरात आल्यापासून ते तिच्यावर कधी चिडले नव्हते, ते आज चिडले. "कशाला? मी निभावून नेलं होतं ना? आता त्या बाईला वाटेल, सबनिसांकडे म्हाताऱ्याला संडासाला जायची चोरी आहे!"

"तसंच होतं ना, अप्पा."

"होतं ते आपल्यात होतं," ते म्हणाले. रिक्षात घरापर्यंत ते बाहेर बघत राहिले. माफी मागायची तर आधी कशाची आणि नंतर कशाची, हा क्रमच मृणालिनीला लावता येईना.

संध्याकाळी तिने नंदकिशोरला सगळं सांगितलं. तो मोबाइल हातात धरून ऐकत होता. साडेपाचचा नंबर त्याचा. पंधरा मिनिटं तो आत बसायचा, त्यातली दहा त्या मोबाइलमध्ये जायची, आणि हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"मला वाटलं, अप्पा चालेल म्हणालेत," तो म्हणाला.

"मलाही तेच वाटलं. वाटून घ्यायला सोपं होतं ते."

त्याने मोबाइल खाली ठेवला. "आणि फॉर्म?"

"फाडला."

नंदकिशोर उठून अप्पांच्या खोलीत गेला. काय बोलला ते तिला ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने बाहेर येऊन त्याने गजर पाचचा लावला. गंधालीने कुणालाही न विचारता दारामागचा तक्ता खरवडून काढला. गोंद पक्का होता, कागदाची साल तेवढी दाराला राहिली.

पावडरीने काम केलं. ते तीन दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. डायपर, बादल्या, फिनेल. मृणालिनीने शाळेत रजा टाकली आणि सगळं स्वतःच्या हाताने केलं. अप्पा दर वेळी तोंड भिंतीकडे करत. "बाई लावा गं कुणीतरी," एवढंच ते म्हणाले. ती नाही म्हणाली. हे करून काही फिटतंय असं तिला वाटत नव्हतं, पण दुसऱ्या कुणाला करू देणं तिला जमलं नसतं.

चौथ्या दिवशी पोट मऊ लागलं. पाचव्या दिवशी ती पाचलाच उठली. सव्वापाचपर्यंत नंदकिशोर साठवलेल्या पाण्याने आंघोळ आटोपून बाहेर आला. तिने संडासात पाट ठेवला, दिवा लावला, दार सताड उघडं ठेवलं आणि अप्पांना कोमट पाणी देऊन ती ओट्याशी चहा टाकायला गेली. मागे वळून बघायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

साडेपाच झाले. अप्पांच्या खोलीचं दार वाजलं. पावलं आली, पॅसेजमध्ये आली आणि थांबली. पाणी यायला लागलं होतं, नळ भरून वाहत होता. पावलं काही पुढे जाईनात. शेवटी तिने वळून पाहिलंच. अप्पा उघड्या दाराच्या बाहेर उभे होते. एक हात भिंतीला, दुसरा पोटावर. कपाळावर घाम होता. म्हणजे कळ आली होती, कित्येक महिन्यांनी आपल्या वेळेवर आली होती, आणि ते तिच्याकडे बघत होते.

"मृणाल," ते म्हणाले, "जाऊ का?"

शाळेत दिवसातून वीस वेळा हा प्रश्न करंगळी वर करून तिच्यासमोर उभा राहायचा. "बाई, जाऊ का?" आणि ती फळ्यावरून नजर न काढता म्हणायची, "तास संपल्यावर." पोरं निमूट खाली बसायची, गुडघे आवळून. सत्तावीस वर्षांत अशी किती बसवली, ते तिने कधी मोजलं नव्हतं.

विचारता काय अप्पा, जा ना, असं तिला म्हणायचं होतं. गळ्यातून आवाज फुटेना. चहा उतू जाऊ लागला, तरी तिला गॅस बंद करायचं भान राहिलं नाही. तिने तोंड उघडलं, मिटलं, डोळे पुसले.

आणि अप्पा पोट धरून तिथेच उभे राहिले, कारण तिने अजून हो म्हटलं नव्हतं.